आधी मनाचा मेळ, मग रोजमेळ: घरातून धंदा सुरू करणाऱ्या बाईसाठी

दिवाळीच्या आधी आमच्या सांगलीत बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन भरतं. मागच्या खेपेला माझ्या शेजारच्या टेबलावर एक तिशीतली मुलगी होती, पहिल्यांदाच आलेली. चकली अशी काटेदार आणि खुसखुशीत, की मी एक तोंडात टाकली आणि गप्प बसले. एक गृहस्थ आले, तुकडा खाल्ला, म्हणाले, "कशी दिली?"

"तीनशे किलो... म्हणजे जास्त घेतली तर अडीचशेनं देईन... घरचीच आहे हो, द्या काय द्यायचं ते."

त्या माणसानं भाव कमी करायला सांगितलंच नव्हतं. घासाघीसही हिनंच केली आणि हरलीही हीच.

तिला हिशोब येत नव्हता म्हणावं तर मुलगी कॉमर्सची पदवीधर. लग्नाआधी एका पतसंस्थेत कॅशवर बसलेली. दुसऱ्याच्या पैशाचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ देणार नाही, आणि स्वतःच्या चकलीचा भाव सांगताना जीभ अडखळते. मी सोळा वर्षं भाजणी, मेतकूट आणि कांदा-लसूण मसाल्याचा धंदा करतेय आणि ही अडखळ मला चांगली ओळखीची आहे. सुरुवातीची तीन वर्षं मी तिच्यावरच चालवली.

पेठेतला दुकानदार रात्री रोजमेळ लिहितो. दिवसाची आवक, जावक, शिल्लक. वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळली की मेळ बसला, आणि मगच शटर खाली. धंद्यात उतरणाऱ्या बाईला याच्या आधी आणखी एक मेळ बसवावा लागतो: मनात काय आहे, तोंडानं काय बोलतो आणि वहीत काय उतरतं. त्या मुलीच्या मनात होतं, 'माझ्या चकलीसारखी अख्ख्या हॉलमध्ये नाही.' तोंडात होतं, 'द्या काय द्यायचं ते.' वही तिनं आणलीच नव्हती.

नव्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा ज्या क्रमानं मी त्यांना कामं लावते, त्याच क्रमानं खाली लिहितेय. माझे दाखले खाद्यपदार्थांचे आहेत, कारण मला तेच कळतं. शिवणकाम, शिकवण्या, पार्लर, कशालाही लावून बघा. आणि हो, सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी समर्थ आहे' असं दहा वेळा म्हणायला सांगणारे पुष्कळ भेटतील. मीही म्हणून पाहिलं. मऊ पडायची ती चकली मऊच पडली.

पहिलं काम: आठ दिवस स्वतःचं बोलणं ऐका

एक छोटी वही घ्या. शाळेची, चाळीस पानी पुरे. आठ दिवस एवढंच करा: कुणी तुमच्या कामाबद्दल विचारलं की तुम्ही जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवा. सुधारून लिहू नका.

माझ्या त्या वेळच्या वहीत काय होतं सांगते. "काही नाही, घरीच असते, थोडं मसाल्याचं करते." "वेळ जातो तेवढाच." "असंच आपलं, घराला हातभार." एका आठवड्यात 'थोडं' अकरा वेळा आणि 'असंच' सात वेळा. त्याच आठवड्यात मी चौदा किलो मसाला विकला होता.

'हातभार' या शब्दावर माझा खास राग आहे. दिसायला गोड शब्द, पण त्यात धरलेलंच असतं की मुख्य भार दुसऱ्या कुणाचा आहे आणि तुम्ही बाजूनं हात लावलाय. हातभाराला रजा चालते, उधारी चालते, पाहुणे आले की तो गुंडाळून ठेवता येतो. बँकेतला साहेब आणि घरची माणसं तुमचं बोलणं ऐकूनच तुमच्याशी वागतात. तुम्ही हातभार म्हणालात की त्यांनी कामधंदा का समजावं?

आठ दिवसांनी त्या वाक्यांखाली एक नवं वाक्य लिहा. मोठं नको. "मी कांदा-लसूण मसाला आणि भाजणी बनवून विकते, आठवड्याला पंधरा किलोपर्यंत ऑर्डर घेते." काय, किती, कुठवर. 'उद्योजिका' वगैरे म्हणायची गरज नाही, तो शब्द सत्काराच्या शालीवर ठीक दिसतो.

दुसरं काम: पैसे किती हवेत आणि कशाला

एक आकडा. महिन्याला किती, आणि त्याचं काय करणार. मुलीच्या क्लासची फी, सोसायटीचा हप्ता, स्वतःचं सोनं सोडवायचं, काहीही असो. 'जमेल तेवढे' हा आकडा नव्हे.

हे मी लगेच करायला सांगते, कारण पुढे प्रत्येक वळणावर हाच आकडा उपयोगी पडतो. महिन्याला ८,००० हवेत आणि किलोमागे ८० सुटतात, तर महिन्याला १०० किलो माल गेला पाहिजे. तुमच्या दोन हातांतून आणि एका शेगडीवरून तो निघेल का? बहुतेक वेळा नाही निघत. मग एकतर भाव बदला, नाहीतर माणूस ठेवा, नाहीतर आकडा खाली आणा. तिन्ही चालतील. मन एका आकड्याचं स्वप्न बघतंय आणि शेगडी दुसराच आकडा शिजवतेय, यानं मात्र वर्षभरात दम निघतो.

तिसरं काम: भाव. इथे सावकाश वाचा

त्या चकलीवाल्या मुलीला मी नंतर घरी बोलावलं आणि ओट्यापाशी बसून तिचाच हिशोब काढला. आकडे आमच्या भागातले आणि ढोबळ आहेत. तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला.

पाच किलो तयार चकलीसाठी: भाजणी, दळणासकट, ४२०. तेल, तळणीत गेलेलं आणि शेवटी टाकून द्यावं लागलेलं धरून, ३००. तीळ, ओवा, तिखट, मीठ ९०. गॅस १५०. पाव किलोच्या वीस पिशव्या आणि लेबलं १४०. झाले ११००.

ती म्हणाली, "बरोबर. म्हणजे किलोला २२० पडतात, मी ३०० ला विकते. पाच किलोला ४०० सुटले."

"तुटलेल्या चकल्या?"

"त्या मुलं खातात."

"मुलं खातात ते खर्चात घाल. शंभर. माल पोचवायला स्कूटरचं पेट्रोल, फोन?"

"साठ."

"आता तास मोज." धान्य निवडणं-भाजणं, गिरणीत नेणं, उकड काढून मळणं, सोऱ्यानं पाडणं, तळणं, गार झाल्यावर भरणं, कढया घासणं. कढया घासणं ती विसरली होती, सगळ्याच विसरतात. बेरीज चौदा तास.

४०० मधून १६० गेले, उरले २४०. भागिले १४. तासाला १७ रुपये.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तासगावला द्राक्षाच्या बागेत विरळणीला गेले असते तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही.

मग तासाला ६० रुपये मजुरी धरून हिशोब पुन्हा मांडला. ११०० अधिक १६० अधिक ८४०, म्हणजे २१००. किलोला ४२०. हा झाला पडता भाव, म्हणजे माल आपल्यालाच जेवढ्याला पडतो तो. यावर नफा हवा, कारण सोरे मोडतात, मिक्सर जळतो, एखादा पाच किलोचा घाणा मऊ पडतो. ५०० च्या खाली तिनं विकायला नको होतं, आणि ती २५० वर उतरली होती.

इथवर झालं अंकगणित. हिशोब झाल्यावरही जीभ अडखळतेच, कारण तिथे जुन्या गाठी असतात. पहिली गाठ अन्नाची. आपल्याकडे अन्न विकू नये असं जुनी माणसं मानत आलेली. माझ्या सासूबाई पहिल्या दिवाळीत मला म्हणाल्या होत्या, "फराळाचे पैसे घेतेस लोकांकडून?" रागानं नव्हे, खरोखर वाईट वाटून. त्यांच्या हयातीत दिवाळीचं ताट शेजारी जायचं आणि रिकामं परत यायचं नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट सांगितली. मुंबईत गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालून शेकडो बायकांनी संसार उभे केले. सावकाराच्या व्याजात त्या पिचत होत्या, तेव्हा प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. जेवण विकलं म्हणून त्या बायकांची अन्नपूर्णा कुठे गेली नाही. सासूबाईंना हे दोन वर्षांनी पटलं. पुढे पुढे गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "भाव लिहिलाय बघा पाकिटावर."

दुसरी गाठ, चारचौघांत पैसा मागणं. ती सवयीनं सुटते. तिसरी चिवट आहे: गिऱ्हाईक 'महाग आहे' म्हणालं की माल नाकारला असं वाटत नाही, आपल्यालाच नाकारल्यासारखं वाटतं. इथे माझ्याकडे एकच तोडगा आहे. भाव सांगायचा आणि मनात तीन मोजायचे. "पाचशे रुपये किलो." एक, दोन, तीन. तोंड बंद. त्या तीन आकड्यांत गिऱ्हाईक विचार करतं, आणि आपण नेमकं तेव्हाच घाईनं मध्ये पडतो. घरी सराव करा, नवऱ्याला गिऱ्हाईक करा. हसू येईल, येऊ द्या. पहिल्या दहा वेळा तीन आकडे तीन मिनिटांसारखे वाटतात.

शक्यतो भाव पाटीवर लिहा. पाटीला लाज वाटत नाही.

राहिले नातेवाईक. त्यांना फुकट देऊ नका असं मी म्हणणार नाही, सांगलीत राहायचंय मला. पण वहीत 'नातेखातं' म्हणून वेगळं पान करा. नणंदेला अर्धा किलो मसाला दिला की तिथे पूर्ण भावानं लिहा. महिन्याला त्या पानावर किती जायला हरकत नाही ते आधी ठरवा. मर्यादा संपली की पुढच्या महिन्यात. देणं मनापासून असेल तर वहीत लिहिताना हात थांबत नाही. थांबला तर समजा, ते भिडेपोटी दिलंय.

चौथं काम: घरात बोलणं

एक संवाद तुम्ही ऐकलेला असेल.

"अहो, जरा मदत करत जा ना."

"सांग ना, काय करू?"

"राहू दे, करते मीच."

यात कुणी वाईट नाही, पण कामही झालं नाही. 'मदत' म्हटलं की काम माझंच ठरतं आणि समोरचा पाहुणा होतो. त्याऐवजी दिवस, तास आणि माणूस यांची नावं घेऊन सांगा. सगळे जेवायला बसलेत अशा वेळी, शांतपणे: "मंगळवार आणि शुक्रवार दहा ते दोन मी तळणीला बसणार. त्या दिवशी बाबा, चिमीला शाळेतून तुम्ही आणायचं. आई, कुकर तुम्ही लावा, चपात्या मी सकाळीच करून ठेवते. आणि अहो, संध्याकाळी चार पिशव्या विश्रामबागला पोचवून यायच्या."

पहिल्या मंगळवारी गोंधळ होणार. कुकर लागणार नाही, नाहीतर डाळ आळणी होणार. उठून जाऊ नका. मी उठून गेले होते आणि पुढची दोन वर्षं कुकर मीच लावला.

लहान मूल असेल तर हे सगळं जास्त अवघड आहे, त्याला गोड मुलामा देत नाही. पोर तापानं फणफणलंय आणि उद्या वीस किलोची ऑर्डर, हा दिवस येणारच. त्यासाठी आधी ठरवून ठेवा: त्या दिवशी कोण येईल, कुठली ऑर्डर पुढे ढकलता येईल, गिऱ्हाइकाला कुठल्या शब्दांत कळवायचं. ऐन वेळी ठरवायला गेलात तर जे काही कराल त्याची टोचणीच लागेल. आणि झोप दोन-दोन आठवडे उडालीय, सारखं रडू येतंय, हातात घेतलेलं काम होत नाहीये, अशी वेळ आली तर तो मेळाचा किंवा वहीचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा १४४१६ वर आहे, मराठीतून बोलता येतं.

पाचवं काम: पैसा आणि सही आपल्या नावावर

तुमच्या टेबलावरचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे? प्रदर्शनात मी नेहमी हे विचारते. निम्म्या जणी म्हणतात, "यांच्या." नाहीतर मुलाच्या. "मला फोनमधलं कळत नाही ना." गिऱ्हाइकानं पैसे दिले की मिरज एमआयडीसीत बसलेल्या नवऱ्याच्या खिशात टिंग वाजतं, आणि ही इथे त्याला फोन करून विचारते, आले का हो?

गावातल्या बायका हसतात, पण ग्रामपंचायतीत आपण हेच बघत आलोय. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. खुर्ची तिची, सही तिची, आणि सभेत बोलतो तो 'सरपंचपती'. ज्या बाईनं पहिल्याच सभेत नवऱ्याला "तुम्ही घरी थांबा" म्हटलं तिचा कारभार निराळाच चालतो. धंद्यातलं 'घरी थांबा' म्हणजे स्वतःच्या नावाचं वेगळं खातं आणि स्वतःच्या फोनवरचा क्यूआर. घरखर्चाचं खातं वेगळं. आठवड्याला धंद्याच्या खात्यातून घरखात्यात ठरलेली रक्कम टाका आणि वहीत लिहा: 'माझा पगार'. हे दोन शब्द लिहिताना पहिल्यांदा मला चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

कागदपत्रांचं भराभर सांगते. 'उद्यम', म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. हजार-दीड हजार मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. खाण्याचा माल विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. फी आणि उलाढालीच्या मर्यादा बदलत असतात, त्या अर्ज करताना पोर्टलवरच बघा. कर्ज लागलं तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', १९७५ पासून आहे. बचत गटात असाल तर तालुक्याच्या ठिकाणी त्यांच्या ताई भेटतात.

बँकेत बोलायला पाय लटपटत असतील तर शेजारच्या साताऱ्यातली गोष्ट सांगते. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांचे अर्जावर अंगठे होते. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, सही शिकल्या आणि पुन्हा साहेबांसमोर गेल्या. म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं, मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटरशिवाय काढावं, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. लिहिता येत नाही हे त्यांनी लपवलं नाही आणि मोजता येतं हेही झाकून ठेवलं नाही. बँकेत जाताना एवढंच न्या: मला काय येतं, काय येत नाही, किती हवेत, फेडणार कसे. शेवटच्या दोन्हींचं उत्तर तुमच्या वहीत आहेच.

सहावं काम: दुसऱ्या बाईला काम सांगणं

पुढारपणाची खरी परीक्षा पहिला माणूस ठेवल्यावर होते. मी पाचव्या वर्षी एक मदतनीस ठेवली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणायची. एके दिवशी तिच्या हातून भाजणीची डाळ करपली. दहा किलोचा घाणा. मी म्हणाले, "असू दे ताई, होतं असं." रात्री रडले. मग चार दिवस तिच्याशी तोडून बोलत राहिले, चहाचा कप जरा जोरातच आपटला. पाचव्या दिवसापासून ती आलीच नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर मालकीण आधी 'असू दे' म्हणाली आणि मग विनाकारण फुगून बसली.

तेव्हापासून माझा नेम आहे: त्याच दिवशी, त्या वस्तूबद्दल, आवाज न चढवता. "ताई, आजची डाळ जास्त भाजली गेली. कशामुळे?" कारण नेहमीच काहीतरी असतं. त्या वेळी कढई नवी होती, पातळ बुडाची, हे मला सहा महिन्यांनी कळलं. विचारलंच नव्हतं ना मी. आता शेगडीशेजारी काचेच्या चार बरण्या आहेत: नीट भाजलेले तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने. रंग त्याच्याशी पडताळायचा. त्या बरण्यांनी माझी जितकी भांडणं वाचवली तितकी माझ्या स्वभावानं वाचवली नाहीत.

लिज्जत पापडाचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यातला जो भाग मला उपयोगी पडला तो सहसा कुणी सांगत नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, इतकं ठाऊक असतं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, हलका माल स्वस्तात जावा म्हणून. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा म्हणाले, एकच प्रत ठेवा, दर्जाशी तडजोड नको, आणि हिशोब चोख ठेवा. दुय्यम माल आपल्याच नावानं विकायचा म्हटलं की बनवणारीचं मन दोन ठिकाणी राहतं. हाताला कळत नाही आज कुठल्या प्रतीचा जोर लावायचा. माझ्याकडे एका दुकानदारानं 'जरा स्वस्तातला, भेसळ नाही पण मिरची हलकी' असा मसाला मागितला होता, महिन्याला तीस किलो. मी ब्याडगी आणि संकेश्वरी वापरते. आठ दिवस झोप लागली नाही, मग नाही म्हणाले. पैशाचं नुकसान झालं, ते लपवत नाही. त्या वर्षी फ्रीज घ्यायचा राहिला.

मजुरी मात्र दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, मागायच्या आधी. आपल्याला भाव मागताना काय होतं ते ठाऊक असून दुसरीला मजुरी मागायला लावू नये.

सातवं काम: नाही म्हणणं

यावर फार लिहीत नाही. मोठी ऑर्डर आली की त्याच फोनवर हो म्हणू नका. "उद्या सकाळी अकराला सांगते." एवढं वाक्य फोनजवळ चिकटवा. रात्री वहीत तास मोजा, दुसऱ्या दिवशी ठीक अकराला फोन करा. बाराला नाही. पन्नास किलोची दिवाळी ऑर्डर हो म्हणून घेतलेल्या आणि नंतर महिनाभर कंबर धरून बसलेल्या बायका मी मोजल्यात. मी त्यांतलीच एक.

दर शुक्रवारी: मेळ

शुक्रवारी रात्री सगळं आवरल्यावर वही उघडा. वीस मिनिटं लागतात. आवक-जावक आणि शिल्लक लिहून झाली की खाली तीन ओळी. या आठवड्यात ठरलेल्या भावापेक्षा कमी कुणाला दिलं आणि का? मनात नाही असताना हो कुठे म्हणाले? आणि कुणाला काही सांगायचं होतं, ते न सांगता गिळलं का? उत्तर 'काही नाही' असेल तर तसं लिहा, पण तीन आठवडे सलग 'काही नाही' आलं तर मी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

या ओळींवर लगेच काही करायचं नसतं. चार-पाच शुक्रवार झाले की मागची पानं चाळा. एकच नाव परत परत दिसेल, किंवा एकच वार. माझ्या वहीत सोमवार दिसायचा. सोमवारी माझा उपास आणि त्याच दिवशी सकाळी मी घाऊक दुकानदारांचे फोन घ्यायची; उपाशीपोटी दर सोमवारी भाव पाडायची. फोन मंगळवारवर नेले.

चकलीवाली मुलगी जानेवारीत वही घेऊन आली होती. ५०० भावानं पहिल्या महिन्यात तिची निम्मी गिऱ्हाइकं गेली, आणि हातात मात्र आधीपेक्षा जास्त पैसे राहिले. "पण ताई, शेजारच्या काकूंना मी अजून तीनशेनंच देते," म्हणाली. मी तिला नातेखात्याचं पान उघडायला सांगितलं.

माझ्या स्वतःच्या या शुक्रवारच्या मेळात ३४० रुपये कमी आहेत. धाकट्या नणंदेला कोल्हापूरला जाताना एक किलो मसाला दिला, लिहायचा राहिला, आणि नातेखात्याची मर्यादा तर महिन्याच्या बारा तारखेलाच संपली होती. ३४० लाल पेननं लिहून ठेवलेत. तिला पुढच्या वेळी काय सांगायचं त्याचा सराव चालू आहे. अजून दोनच्या पुढे मोजवत नाही.